डिस्क भरली म्हणजे नेमके काय भरले?

या महिन्यात आलेल्या संगणकविषयक पत्रांपैकी चार पत्रांचे मूळ एकच आहे : डेटाबेस वाढतो आहे आणि सर्व्हरची डिस्क पुरेनाशी झाली आहे. त्यातले पहिले पत्र इतक्या तपशिलाने लिहिलेले आहे, की त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे. उरलेल्या तिघांना त्या उत्तरातलाही काही भाग उपयोगी पडेल.

प्रश्न : धंतोलीत आमची रोगनिदान प्रयोगशाळा आहे. रुग्णांच्या नोंदी, तपासण्या आणि छापील अहवालांच्या पीडीएफ प्रती हे सारे एका सर्व्हरवरच्या पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसमध्ये साठते. उबुंटू ही कार्यप्रणाली वेगळ्या छोट्या डिस्कवर आहे. डेटासाठी ४८० जीबीची एक एसएसडी आहे आणि ती ९२ टक्के भरली आहे. पुरवठादार म्हणतो, की मोठी डिस्क घ्या आणि दोन दिवस काम बंद ठेवा, आम्ही सगळे नव्याने बसवून देऊ. दोन दिवस बंद ठेवणे आम्हाला शक्य नाही. दिवाळीनंतर वर्ध्याला आमची दुसरी शाखा सुरू होणार आहे. फोल्डरनिहाय आकारांची यादी, डिस्कच्या रचनेचे चित्र आणि वाढीचा अंदाज सोबत जोडला आहे. एका परिचितांनी ‘व्हॅक्यूम फुल’ चालवायला सांगितले आहे. काय करावे? मागच्या वर्षी एक राखीव सर्व्हर जोडला होता, तो नंतर परत केला.
– एक व्यवस्थापिका, धंतोली

उत्तर : आपल्याला दोन दिवस तर सोडाच, दोन तासही प्रयोगशाळा बंद ठेवावी लागू नये. मात्र डिस्क विकत घेण्याआधी आपणच पाठवलेली यादी पुन्हा एकदा वाचावी, कारण खरे उत्तर तिच्यातच आहे.

डिस्कवर ४८० जीबी छापलेले असले तरी सर्व्हर ४४७ जीबी दाखवतो. ही फसवणूक नव्हे. विकणारा १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, तर कार्यप्रणाली १०७ कोटींहून थोडे अधिक धरते, एवढाच हा फरक आहे. या ४४७ पैकी ४११ जीबी वापरात आहेत. त्यांत प्रत्यक्ष डेटाबेस २१४ जीबींचा, ‘पीजी_वाल’ हे फोल्डर १४८ जीबींचे, प्रोग्रामच्या जुन्या लॉग फायली (प्रोग्राम आपल्या कामाच्या नोंदी ठेवतो त्या) ३१ जीबींच्या, आणि कोणीतरी कधीकाळी घेऊन तेथेच ठेवलेला डेटाबेसचा एक डम्प, म्हणजे साऱ्या माहितीची फाइलमध्ये काढलेली प्रत, १८ जीबींचा आहे. म्हणजे आपली डिस्क डेटाबेसने भरलेली नाही. तिचा जवळजवळ निम्मा भाग दुसऱ्याच गोष्टींनी अडवलेला आहे.

‘पीजी_वाल’ म्हणजे काय, हे जमाखर्चाच्या भाषेत सांगणे सोपे आहे. व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितात आणि मग सवडीने खतावणीत उतरवतात. पोस्टग्रेएसक्यूएलसुद्धा प्रत्येक बदल आधी या फोल्डरमधल्या १६-१६ एमबींच्या फायलींत नोंदवतो आणि नंतर मूळ टेबलांत उतरवतो. वीज मध्येच गेली तर ही रोजकीर्द वाचूनच तो खतावणी दुरुस्त करून घेतो. उतरवून झालेल्या फायली तो स्वतःहून पुसतो किंवा पुन्हा वापरतो, त्यामुळे आपल्याएवढ्या कामाच्या सर्व्हरवर हे फोल्डर काही मोजक्या जीबींच्या पुढे जाण्याचे कारण नसते. ते १४८ जीबींवर गेले असेल, तर पुसण्याचे काम कोणीतरी रोखून धरलेले आहे.

हा ‘कोणीतरी’ आपल्या पत्राच्या शेवटच्या ओळीत सापडतो. मागच्या वर्षी एक राखीव सर्व्हर जोडला होता आणि नंतर तो परत केला, असे आपण सहज लिहून गेला आहात. मुख्य सर्व्हरची ताजी प्रत बाळगणारा असा राखीव सर्व्हर जोडताना मुख्य सर्व्हरवर बहुधा ‘रेप्लिकेशन स्लॉट’ तयार करतात. त्याचा अर्थ असा, की समोरच्याने वाचल्याखेरीज रोजकीर्दीचे एकही पान फाडायचे नाही. समोरचा सर्व्हर गेला, पण हा शब्द कोणी मागे घेतला नाही. म्हणून आपला सर्व्हर आजही त्याच्यासाठी पाने जपून ठेवतो आहे. ‘पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स’ या यादीत तो स्लॉट निष्क्रिय दिसेल. तो खरोखरच कोणाच्या वापरात नाही याची खात्री करून ‘पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट’ या फंक्शनने तो काढावा आणि ‘चेकपॉइंट’ ही आज्ञा द्यावी. जुन्या फायली डेटाबेस स्वतः काढून टाकील.

या फोल्डरमधली एकही फाइल स्वतःच्या हाताने पुसू नये. १० व्या आवृत्तीपूर्वी या फोल्डरचे नाव ‘पीजी_एक्सलॉग’ होते; तेव्हा नावात लॉग दिसतो म्हणून ‘जुने लॉग असतील’ असे समजून ती पुसणारे लोक मी पाहिले आहेत. त्यानंतर डेटाबेस उठत नाही, आणि उठलाच तरी त्यातल्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. उलट बाजूने हेही खरे, की हे फोल्डर ज्या डिस्कवर आहे ती पूर्ण भरली, तर डेटाबेस तेथल्या तेथे बंद पडतो आणि जागा केल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. त्यामुळे हे काम याच आठवड्यात उरकावे. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १३ व्या आवृत्तीपासून ‘मॅक्स_स्लॉट_वाल_कीप_साइझ’ ही मर्यादा घालता येते. मुळात ती अमर्याद असते. आपण ती २० जीबींवर ठेवावी.

लॉग फायलींसाठी, जुन्या फायली आपोआप काढून टाकणारा ‘लॉगरोटेट’ हा प्रोग्राम लावावा. १८ जीबींचा डम्प कोणाला हवा आहे का ते विचारून दुसऱ्या डिस्कवर न्यावा. ज्या डिस्कवर डेटाबेस आहे तिच्यावरच ठेवलेल्या प्रतीला बॅकअप म्हणता येत नाही. एवढे केल्यावर वापर निम्म्याच्या आसपास येईल. सध्याच्या महिन्याला ११ जीबी या वेगाने ८० टक्क्यांपर्यंत पोहोचायला वर्षभर लागेल. नवी डिस्क लागणार आहेच, पण आता ती घाबरून घ्यावी लागणार नाही.

आपल्या परिचितांनी ‘व्हॅक्यूम फुल’ ही टेबलातली पोकळ जागा परत मिळवण्याची आज्ञा चालवण्याचा सल्ला दिला आहे, तो मात्र मानू नये. त्या आज्ञेने टेबलाची संपूर्ण नवी प्रत तयार होते, त्यामुळे तेवढी मोकळी जागा आधीच हाताशी असावी लागते आणि काम संपेपर्यंत टेबल कुलूपबंद राहते. आपले अहवालांचे टेबल एकटेच १६० जीबींचे आहे आणि मोकळी जागा ३६ जीबींची. शिवाय आपण अहवाल पुसत नाही, त्यामुळे त्या टेबलात परत मिळण्याजोगी पोकळ जागा फारशी नसणारच.

आता नव्या डिस्कचा आकार पाहू. आजचे २१४ आणि ३६ महिन्यांचे ३९६ मिळून ६१० जीबी होतात. सुमारे ३० टक्के जागा कायम मोकळी ठेवायची, तर ८७० जीबींच्या आसपास लागतील. ९६० जीबींची डिस्क ८९४ जीबी दाखवते, म्हणजे कागदावर ती पुरते. परंतु वर्ध्याची शाखा सुरू झाल्यावर महिन्याची वाढ ११ जीबींवर थांबणार नाही, म्हणून १.९२ टीबींच्या दोन एसएसडी घेऊन त्या एकमेकींची आरशासारखी प्रत राहील अशा, म्हणजे रेड १ पद्धतीने जोडाव्यात. त्या सर्व्हरसाठी बनवलेल्याच असाव्यात. अशा डिस्कमध्ये वीज अचानक गेली तरी हातातले लिहिणे पूर्ण करण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर असतात. डेस्कटॉपच्या स्वस्त एसएसडीमध्ये ते बहुधा नसतात. मे-जूनच्या वावटळीत आपल्याकडची वीज कशी जाते-येते, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको.

आपल्या डिस्कच्या रचनेत डेटाचा विभाग एलव्हीएमवर आहे. हे ज्याने केले त्याचे आभार मानावेत. एलव्हीएममध्ये प्रत्यक्ष डिस्क आणि वापरातला विभाग यांच्यामध्ये एक थर असतो, आणि या थरामुळेच काम चालू असताना खालची डिस्क बदलता येते. पुष्कळ जण नवी डिस्क जुन्या डिस्कला जोडून विभाग लांबवतात. मला ती पद्धत आवडत नाही, कारण मग एकच विभाग दोन डिस्कवर पसरतो आणि त्यांतली कोणतीही एक गेली की सगळेच जाते. त्याऐवजी डेटा नव्या जोडीवर हलवून जुनी डिस्क सोडवून घ्यावी.

सर्वप्रथम पूर्ण बॅकअप दुसऱ्या यंत्रावर घ्यावा आणि तो तेथे उघडून, चार-दोन रुग्णांचे अहवाल प्रत्यक्ष दिसतात का ते पाहावे. दोन्ही नव्या डिस्क बसवून रेड १ तयार करावा आणि त्याची पहिली जुळणी संपू द्यावी. नंतर ‘पीव्हीक्रिएट’ने तो एलव्हीएमच्या ओळखीचा करावा आणि ‘व्हीजीएक्स्टेंड’ने जुन्या डिस्कच्या गटात घ्यावा (एलव्हीएम डिस्कची जागा अशा गटात एकत्र करून त्यातून विभागांना देते). येथे नव्या-जुन्या डिस्कच्या सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या सर्वांत छोट्या कप्प्याचा, आकार सारखा असावा लागतो. एक ५१२ बाइटचा आणि दुसरा ४०९६ बाइटचा असेल, तर एलव्हीएम त्यांना सहसा एकत्र घेत नाही. त्यानंतर रात्री ९ नंतर, नमुने येणे थांबल्यावर, ‘पीव्हीमूव्ह’ सुरू करावे. डेटाबेस चालू असतानाच एकेक तुकडा नव्या डिस्कवर जातो. काम थोडे मंदावेल, पण थांबणार नाही, आणि मध्येच वीज गेली तरी तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर राहिलेले काम पुढे सुरू होते. सगळे हलले की ‘व्हीजीरिड्यूस’ने जुनी डिस्क गटातून काढावी. डिस्क यंत्रात बसवण्यासाठी सर्व्हर बंद करावा लागला, तर ती १५-२० मिनिटे रविवारी दुपारची निवडावीत.

शेवटी ‘एलव्हीएक्स्टेंड’ला ‘आर’ हा पर्याय जोडून विभाग वाढवावा, म्हणजे आतली फाइल सिस्टिम (फायली मांडून ठेवण्याची व्यवस्था) हीही त्याबरोबर वाढते. आपली फाइल सिस्टिम एक्सएफएस आहे. ती चालू असताना वाढते, पण वाढवलेली जागा तिच्याकडून परत काढून घेणे व्यवहारात शक्य नसते. म्हणून नव्या डिस्कची सगळी जागा एकदम देऊन टाकू नये. आज विभाग ७०० जीबींचा करावा आणि उरलेली जागा गटात मोकळी ठेवावी. पुढच्या वर्षी वाढवायला एक मिनिट पुरेल.

टक्केवारीवर लक्ष ठेवण्यापेक्षा ‘या वेगाने किती दिवस पुरेल’ हा आकडा दर आठवड्याला काढावा आणि तो ९० दिवसांखाली आला की आपल्या मोबाइलवर सूचना यावी अशी व्यवस्था करावी. आणखी एक जुनी युक्ती आहे : त्याच विभागात ५ जीबींची एक निरुपयोगी फाइल बनवून ठेवावी. कधी रात्री-बेरात्री डिस्क गच्च भरलीच, तर ती फाइल पुसून श्वास घेण्याइतकी जागा मिळते.

प्रश्न : कळमन्याच्या धान्य बाजारात आमची अडत आहे. हिशेबाच्या सर्व्हरसाठी सीताबर्डीहून १ टीबीची डिस्क आणली आणि तिच्यावर उबुंटू सर्व्हर बसवून घेतले. सहा महिन्यांत डेटाबेस ‘जागा नाही’ म्हणू लागला. पाहतो तर एकूण जागा फक्त ९८ जीबी! दुकानदार ऐकून घेत नाही. डिस्क बनावट असेल का?
– एक अडते, कळमना

उत्तर : दुकानदाराशी भांडण तूर्त थांबवावे. अलीकडच्या आवृत्त्यांत उबुंटू सर्व्हर बसवताना ‘एलव्हीएमसह संपूर्ण डिस्क वापरा’ हा पर्याय तसाच स्वीकारला, तर २०० जीबींपेक्षा मोठ्या डिस्कवर मुख्य विभाग १०० जीबींचाच केला जातो आणि उरलेली जागा पुढे लागेल तशी घेण्यासाठी गटात राखून ठेवली जाते. बसवताना त्या पडद्यावर हे लिहिलेले असते, पण ‘पुढे’, ‘पुढे’ दाबण्याच्या घाईत ते कोण वाचतो? ‘व्हीजीएस’ ही आज्ञा दिल्यावर आपल्याला ८०० जीबींहून अधिक मोकळी जागा दिसेल. ती दिसली, तर डिस्क अस्सल आहे.

आधी बॅकअप घ्यावा आणि मग वर सांगितल्याप्रमाणे ‘एलव्हीएक्स्टेंड’ला ‘आर’ जोडून विभाग ४०० जीबींचा करावा. आपली फाइल सिस्टिम ईएक्सटी४ आहे. तीही चालू असताना वाढते. तिच्यात एरवी ५ टक्के जागा मूळ प्रशासकासाठी राखीव असते, त्यामुळे आकार आणि मोकळी जागा यांचा हिशेब पुरता जुळला नाही तरी गोंधळू नये. आपला डेटाबेस सध्या ६० जीबींचा आहे, तेव्हा बाकीच्या जागेला हात लावण्याची गरज पुढची काही वर्षे पडू नये.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. उत्पादन, साठा आणि बिले यांचा डेटाबेस वाढल्यामुळे ४ टीबींच्या ४ हार्ड डिस्क घेतल्या आहेत. विक्रेता रेड ५ करा म्हणतो, कारण त्यात १२ टीबी मिळतात. आमचा मुलगा रेड १० म्हणतो, त्यात ८ च मिळतात. कोणाचे ऐकावे? सर्व्हरच्या खोलीत कूलर आहे.
– एक लघुउद्योजक, हिंगणा मार्ग

उत्तर : मुलाचे ऐकावे. रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून एक करण्याची पद्धत. रेड ५ मध्ये माहितीबरोबर तिची पडताळणी-बेरीजही डिस्कवर ठेवतात, म्हणजे एक डिस्क गेली तरी तिच्यावरून माहिती परत उभी करता येते; रेड १० मध्ये डिस्कच्या जोड्या करून प्रत्येकीची हुबेहूब प्रत जोडीदार डिस्कवर ठेवतात. रेड ५ मध्ये एक छोटीशी नोंद बदलायची, तरी जुनी माहिती आणि तिची पडताळणी-बेरीज वाचावी लागते, मग दोन्ही नव्याने लिहावी लागतात. एका लिहिण्याला डिस्कची चार कामे पडतात. रेड १० मध्ये तीच नोंद दोन ठिकाणी लिहिली की काम संपते. डेटाबेसचे काम अशा लाखो छोट्या नोंदींचेच असते, आणि फिरणाऱ्या हार्ड डिस्कला सेकंदाला अशी शंभराच्या आसपासच कामे झेपतात, त्यामुळे हा फरक आपल्या बिलिंगच्या खिडकीवर लगेच जाणवेल. मोठमोठे व्हिडिओ किंवा बॅकअप नुसते साठवून ठेवायचे असते, तर मी रेड ५ ला इतका विरोध केला नसता.

दुसरा मुद्दा डिस्क गेल्यावरचा. रेड ५ मध्ये नवी डिस्क भरताना उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. ४ टीबींची डिस्क सेकंदाला १५० एमबी या वेगाने अखंड वाचली, तरी साडेसात तास लागतात. कारखान्याचे काम चालू असेल तर त्याहून कितीतरी अधिक. एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच वयाच्या या तीन डिस्कपैकी आणखी एखादी त्या वेळात गेली, तर सगळे गेले. रेड १० मध्ये फक्त तिच्या जोडीदार डिस्कचीच प्रत करावी लागते. आणि दोन्हींपैकी काहीही केले, तरी बॅकअप वेगळा हवाच. कोणी चुकून टेबल पुसले, तर ते चारही डिस्कवरून तितक्याच निष्ठेने पुसले जाते.

कूलरबद्दल मात्र बाप-लेक दोघांनाही सांगावेसे वाटते. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी गार हवा माणसांसाठी सुखाची आहे, सर्व्हरसाठी नाही. ती दमट असते, बरोबर धूळ आणते, आणि पावसाळा तोंडावर आल्यावर हवेतच ओलावा वाढला की कूलर फारसा गारवाही देत नाही. मेमध्ये नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बंद खोलीतल्या सर्व्हरमध्ये डिस्कचे तापमान ६० अंशांवर सहज पोहोचते, आणि बहुतेक हार्ड डिस्कना बनवणाऱ्यांनी नेमून दिलेली कमाल मर्यादा त्याच सुमाराची असते. त्या खोलीत एसी बसवावा. खर्च फार वाटत असेल, तर चार डिस्कच्या किमतीशी तो ताडून पाहावा.

प्रश्न : इतवारीत आमचा किराण्याचा घाऊक व्यवहार आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसमधून आम्ही २०१७ ते २०१९ ची सगळी बिले काढून टाकली, तरी डिस्कवर एक एमबीही जागा मोकळी झाली नाही. असे का?
– एक व्यापारी, इतवारी

उत्तर : नोंदी पुसल्या की त्यांची पाने फाइलमध्ये रिकामी होतात, पण फाइल लहान होत नाही, गोदामातली पोती उचलली म्हणून गोदाम आक्रसत नाही, तसेच हे. नवी बिले त्या रिकाम्या पानांत बसतील, त्यामुळे काही काळ फाइल वाढणार नाही, हाही फायदाच आहे. जागा परतच हवी असेल, तर ‘ऑप्टिमाइझ टेबल’ या आज्ञेने टेबल नव्याने बांधले जाते. त्यासाठी उरलेल्या नोंदींची पूर्ण प्रत मावेल एवढी जागा आधी मोकळी असावी लागते. आपला डेटाबेस फार जुना असेल आणि सगळी टेबले ‘आयबीडेटा१’ या एकाच फाइलमध्ये असतील, तर ती फाइल या उपायानेही लहान होत नाही. तेव्हा सगळे डम्प करून नव्याने भरावे लागते.

मला मात्र जागेपेक्षा दुसरीच काळजी वाटली. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. ही तारीख सामान्यतः वर्ष संपल्यानंतरच्या ३१ डिसेंबरला असते, म्हणजे एप्रिलमध्ये केलेले बिल जवळजवळ पावणेआठ वर्षे हाताशी लागते. काही वर्षांसाठी ती तारीख पुढेही ढकलली गेली होती, आणि एखादे अपील चालू असेल तर मुदत आणखी लांबते. ती बिले पुसण्याआधीचा बॅकअप जपून ठेवावा, त्यावर नवा बॅकअप चढू देऊ नये, आणि मुदतीचा प्रश्न आपल्या सीएंना विचारावा.

पुढच्यासाठी बिलांचे टेबल आर्थिक वर्षानुसार विभागून घ्यावे. मग मुदत संपलेले वर्ष आधी बाहेर साठवून, त्याचा विभाग एका आज्ञेने काढता येतो आणि जागा त्याच क्षणी परत मिळते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला आधी विचारून घ्यावे, कारण मायएसक्यूएलमध्ये विभागलेल्या टेबलाला फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी नाते बांधणारी अट) चालत नाही आणि बिल क्रमांकाच्या युनिक कीमध्ये (एकच क्रमांक दोनदा येऊ न देणाऱ्या अटीत) विभागणीचा स्तंभही घ्यावा लागतो. तो ‘होईल’ म्हणाला, तर हा बदल ३१ मार्चच्या गर्दीत करू नये. एप्रिलचा दुसरा आठवडा बरा.